दीड लाखांचा वर्ग, तीन टक्क्यांचा निकाल

१,५४,७६३. मार्च २०१२मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट खुला केला, तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांचा हा आकडा. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही, वयाची अट नाही. ईमेलचा पत्ता दिला की झाला प्रवेश. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये साधारण ३३ हजार माणसं बसतात. त्या मापाने जवळजवळ पावणेपाच वानखेडे भरतील एवढा हा एक वर्ग. शिकवायला प्राध्यापक अनंत अग्रवाल आणि त्यांचे मोजके सहकारी. एमआयटीची स्थापना १८६१ची. तेव्हापासून दीडशे वर्षांत तिथून जेवढे विद्यार्थी शिकून बाहेर पडले, त्यांच्यापेक्षा जास्त जण या एका अभ्यासक्रमाला आले, असं अग्रवाल पुढे भाषणांत सांगत असत.

आता त्याच वर्गाचे पुढचे आकडे. पहिला गृहपाठ निदान उघडून पाहिला ६९,२२१ जणांनी. त्यात किमान एक गुण मिळवला २६,३४९ जणांनी. सहामाहीला बसून एक तरी गुण कमावणारे १०,५४७, त्यात उत्तीर्ण झालेले ९,३१८. आणि शेवटी प्रमाणपत्र हाती पडलेले ७,१५७. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत. एखाद्या कॉलेजचा असा निकाल लागला असता तर संस्थाचालकांच्या केबिनबाहेर पालकांची रांग लागली असती.

पण अग्रवालांचा हिशेब निराळा होता. एमआयटीत वर्षातून दोन सत्रं हाच विषय शिकवला, तर एवढे विद्यार्थी उत्तीर्ण व्हायला चाळीस वर्षं लागली असती. ती चाळीस वर्षं एका सत्रात उरकली. एकाच ७,१५७ला दीड लाखाने भागलं की नाचक्की, आणि एका प्राध्यापकाच्या आयुष्याने भागलं की चमत्कार. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. फुकट ऑनलाइन शिक्षणाची गेल्या दशकभरातली कहाणी अशीच आहे: वरचा आकडा सगळ्यांनी मान्य केलेला, भांडण खालच्या आकड्यावरून.

अडीचशे वर्षांचं काम एका सत्रात

या वेडाची सुरुवात त्याआधी काही महिने, २०११च्या शरद ऋतूत, स्टॅनफर्डमध्ये झाली. सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग इंटरनेटवर मोफत ठेवला आणि १,६०,००० जणांनी नावं घातली. सुमारे २३ हजारांनी तो पुराही केला. गंमत म्हणजे स्टॅनफर्डच्या आवारात याच विषयाला नोंदणी होती सुमारे दोनशे जणांची, आणि काही आठवड्यांनी प्रत्यक्ष बाकांवर दिसू लागले तीसेक. भरमसाट फी भरलेली मुलंसुद्धा खोलीवर बसून, व्हिडिओ थांबवत-थांबवत पाहणं पसंत करत होती.

त्याच सत्रात अँड्र्यू एन्ग यांच्या मशीन लर्निंगच्या वर्गाला एक लाखाच्या वर विद्यार्थी आले. एन्ग एरवी वर्षाला सुमारे चारशे जणांना हा विषय शिकवत. एक लाखाला चारशेने भागा: अडीचशे वर्षं. एन्ग यांनी हे शिकवणं औरंगजेबाच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने सुरू केलं असतं, तरच कुठे २०११पर्यंत एक लाखाची भरती झाली असती. त्यांच्या सहकारी डॅफ्नी कोलर हाच अडीचशे वर्षांचा हिशेब जगभर मांडत राहिल्या, आणि दोघांनी २०१२मध्ये असे वर्ग चालवणारी कोर्सेरा ही कंपनी उभी केली. त्याच वर्षी हार्वर्ड आणि एमआयटीने प्रत्येकी तीन कोटी डॉलर घालून ‘एडएक्स’ हे तसंच व्यासपीठ सुरू केलं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ला अशा अभ्यासक्रमांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. थ्रुन तर म्हणाले, की पन्नास वर्षांनी जगात उच्च शिक्षण देणाऱ्या जेमतेम दहा संस्था उरतील.

वह्या तपासणार कोण?

शिकवणं लाखांपर्यंत नेता येतं, कारण एकदा चित्रित केलेला व्हिडिओ पहिल्या विद्यार्थ्याने पाहिला काय आणि दीड लाखाव्या विद्यार्थ्याने पाहिला काय, खर्च जवळपास तोच. वह्या तपासण्याचं तसं नाही. दीड लाखांच्या त्या वर्गाची एकच उत्तरपत्रिका, प्रत्येकी दहा मिनिटं देऊन, एका प्राध्यापकाने तपासायची ठरवली तर १५ लाख ४७ हजार ६३० मिनिटं होतात. रोज आठ तास, रविवार नाही, दिवाळी नाही, असं बसलं तरी ३,२२४ दिवस. जवळजवळ नऊ वर्षं. तेवढ्यात पहिल्या विद्यार्थ्याची पदवी, नोकरी आणि कदाचित लग्नही आटोपलेलं असेल.

म्हणून तपासणी यंत्राकडे गेली. पर्यायी उत्तरं, आकड्यांत येणारी उत्तरं, संगणकावर जोडून दाखवायची सर्किटं, चालवून पाहता येणारे प्रोग्रॅम: हे सगळं यंत्र क्षणात तपासतं. त्यामुळे गणित, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स हे विषय आधी फोफावले. निबंध आला की गाडं अडलं. तिथे विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे निबंध तपासायचे अशी सोय झाली. म्हणजे ज्याला विषय अजून येत नाही, त्याने त्याच्यासारख्याच दुसऱ्याला गुण द्यायचे.

व्हिडिओचंही मोजमाप झालं. एडएक्सच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख बैठकांची नोंद तपासणारा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी टिकून राहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या वर गेला नाही. तासाभराच्या व्याख्यानाची परंपरा सहा मिनिटांच्या तुकड्यांत चिरली गेली.

आकार वाढला की साध्या गोष्टी कशा कोसळतात याचा नमुना २०१३च्या सुरुवातीला दिसला. ऑनलाइन अभ्यासक्रम कसा आखावा हे शिकवणारा एक अभ्यासक्रम जॉर्जिया टेक या विद्यापीठाने कोर्सेरावर सुरू केला. विद्यार्थी आले ४१ हजार. गट पाडण्यासाठी सगळ्यांना गूगलच्या एका तक्त्यात नावं लिहायला सांगितलं. त्या तक्त्यात एका वेळी पन्नासच जण लिहू शकत होते. पहिल्याच आठवड्यात गोंधळ एवढा झाला, की अभ्यासक्रम थांबवावा लागला.

५२ टक्के आत आलेच नाहीत

पहिली मोठी परीक्षा कॅलिफोर्नियात झाली. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने थ्रुन यांच्या युडॅसिटी कंपनीबरोबर २०१३मध्ये तीन गणिती विषय ऑनलाइन शिकवून पाहिले. फी होती १५० डॉलर. यातल्या अनेक विद्यार्थ्यांची गणिताची पाटी आधीच कच्ची होती. उत्तीर्णांचं प्रमाण एका विषयात कसंबसं निम्म्यावर आलं, दोन विषयांत त्याखालीच राहिलं, आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवण्यात आला. दहा संस्थांचं भाकीत करणारे थ्रुन वर्ष संपण्याआधी उघड म्हणाले, की आपला माल निकृष्ट आहे.

पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या २०१२ ते २०१८ या काळातल्या सगळ्या अभ्यासक्रमांची वही ‘सायन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०१९मध्ये उघडली गेली. विद्यार्थी ५६ लाख ३० हजार, त्यांच्या मिळून नोंदण्या १ कोटी २६ लाख ७० हजार. नाव नोंदवणाऱ्यांतले ५२ टक्के अभ्यासक्रमात एकदाही शिरले नाहीत. आपण यांना आरंभशूर म्हणतो, पण आरंभशूर निदान आरंभ तरी करतो. २०१७-१८मध्ये अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचं प्रमाण होतं ३.१३ टक्के. सहा वर्षं सुधारणा, संशोधन, नवे व्हिडिओ, नव्या चाचण्या होऊनही हा आकडा वर सरकला नाही.

याच अहवालात दुसराही एक आकडा आहे. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले, त्यांच्यातले ४६ टक्के शेवटपर्यंत पोचले. व्हिडिओ तेच, शिक्षक तेच, परीक्षा तीच. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला सेहेचाळीस. पैसे भरल्याने बुद्धी वाढत नाही. पण ज्याला पुरं करायचंच आहे तोच बहुधा खिशात हात घालतो, आणि एकदा घातला की अर्ध्यावर सोडायला जीव होत नाही. उरलेल्यांत कुणी एकच धडा हवा म्हणून आलेला असतो, कुणी शिक्षक दुसऱ्याची शिकवण्याची पद्धत पाहायला आलेला, कुणी रात्री दोन वाजता कुतूहलापोटी बटण दाबलेला. त्यांना नापास म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्यांना विद्यार्थी म्हणून मिरवणं ही फुशारकी आहे.

मग आत कोण पोचलं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या कोर्सेरावरच्या अभ्यासक्रमांतल्या सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांना विचारलं. निष्कर्ष २०१३मध्ये ‘नेचर’ने छापला. ८३ टक्क्यांकडे आधीच दोन किंवा चार वर्षांची महाविद्यालयीन पदवी होती. ब्राझील, चीन, भारत, रशिया, दक्षिण आफ्रिका या देशांतले जवळजवळ ८० टक्के विद्यार्थी त्या-त्या देशातल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत शिकलेल्या सहा टक्क्यांतले होते. गरिबाच्या दारी विद्यापीठ नेण्याची घोषणा झाली, आणि दार उघडलं ते ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट आधीच होतं त्यांनी.

फुकटाचा भाव

नंतर कोरोना आला आणि सगळे आकडे उसळले. कोर्सेराची नोंदणी २०२०अखेर ७ कोटी ७० लाख झाली, २०२४अखेर १६ कोटींच्या पुढे गेली. त्या २०२४ साली एकट्या जनरेटिव्ह एआयच्या अभ्यासक्रमांना मिनिटाला सरासरी सहा जण नाव घालत होते. हे अभ्यासक्रम मोजणाऱ्या ‘क्लास सेंट्रल’च्या हिशेबाने २०२१अखेर चीन वगळून जगात २२ कोटी शिकणारे, १९,४०० अभ्यासक्रम आणि ९५० विद्यापीठं होती. युनेस्कोच्या मते २०२०मध्ये जगभरच्या कॉलेजा-विद्यापीठांत प्रत्यक्ष शिकणारे होते साडेतेवीस कोटी. चीनचा हिशेब वेगळाच: नोव्हेंबर २०२२पर्यंत ६१,९०० अभ्यासक्रम आणि ४० कोटी २० लाख नोंदलेले वापरकर्ते. अमेरिकेची सगळी लोकसंख्या तान्ह्या मुलांसकट बसवली तरी सहा-सात कोटी जागा उरतील.

एवढी गर्दी सांभाळायला पैसा लागतो. सर्व्हर, चित्रीकरण, माणसं यांपैकी काहीच फुकट नसतं. हळूहळू प्रमाणपत्राला पैसे आले, मग गुण मिळणाऱ्या चाचण्यांना, मग पूर्ण पदव्यांना. व्हिडिओ पाहणं बहुतेक ठिकाणी मोफत राहिलं, पण पाहिल्याचा पुरावा विकत झाला. सहा कोटी डॉलरच्या भांडवलावर उभं राहिलेलं एडएक्स २०२१मध्ये ‘टूयू’ या कंपनीने ८० कोटी डॉलरला घेतलं. तीन वर्षांनी, जुलै २०२४मध्ये, टूयूने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी कोर्टात अर्ज केला.

एक हजार रुपये आणि परीक्षा केंद्र

भारताने या खेळात वेगळा डाव मांडला. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून चालवतात त्या एनपीटीईएलने मार्च २०१४पासून प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम सुरू केले. ९ जुलै २०१७ला केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ आलं, आणि आजवर त्यावरच्या नोंदण्यांनी चार कोटींचा टप्पा ओलांडला आहे. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्राचे चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट विद्यार्थी इथून घेऊ शकतो.

पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजात विचारा, एनपीटीईएलचं गणित मुलांना तोंडपाठ असतं. शिकणं फुकट. परीक्षेला अनेक वर्षं हजार रुपये. गृहपाठाला २५ गुण, परीक्षेला ७५. गृहपाठात किमान दहा आणि परीक्षेत किमान तीस हवेत, नाहीतर प्रमाणपत्र नाही. साठाच्या वर गेलात तर ‘एलीट’, पुढे ‘सिल्व्हर’, नव्वदपासून ‘गोल्ड’. परीक्षा घरी बसून नाही, केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर. आणि कॉलेजात एका प्राध्यापकावर जबाबदारी टाकलेली: कुणी नाव घातलं, कुणाचा गृहपाठ राहिला, कुणी परीक्षेचा अर्ज भरला नाही, हे बघायची. तारीख उलटण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा निरोप येतो. एवढ्या मोठ्या यंत्रणेत एका मुलाच्या नावाने विचारपूस होते ती इथे.

अडचण फक्त इंटरनेटची असती, तर भारतात ती केव्हाच सुटायला हवी होती. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांनुसार मोबाइल डेटाचा सरासरी दर २०१४मध्ये जीबीला सुमारे २६९ रुपये होता, तो २०१८मध्ये १२ रुपयांच्या खाली आला. चार वर्षांत बावीस पटींहून जास्त घसरण. दुसऱ्या कुठल्या वस्तूची अशी झाली? तरीही राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८मध्ये ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी पंधरांत इंटरनेट होतं आणि जेमतेम चारांत संगणक. पुढे फोन घरोघर पोचले, पण फोनच्या पडद्यावर व्हिडिओ पाहता येतो, प्रोग्रॅम लिहिताना नाकी नऊ येतात. ज्यांच्याकडे इंटरनेटच नाही त्यांच्यासाठी सरकारने ‘स्वयम् प्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्या काढल्या: रोज किमान चार तासांचा नवा मजकूर, आणि तोच दिवसातून आणखी पाच वेळा.

पडद्याच्या जोडीला माणूस लागतो, हे मर्म आयआयटी मुंबईने लवकर ओळखलं. प्राध्यापक दीपक फाटक यांनी एका वेळी दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा उपक्रम चालवला. हे शिक्षक देशभरच्या महाविद्यालयांतल्या केंद्रांवर जमायचे, पडद्यावर व्याख्यान ऐकायचे आणि केंद्रावरच्या माणसाबरोबर बसून प्रात्यक्षिकं करायचे. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने संगणकाचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीसकट २२ भारतीय भाषांत नेले, तेही कॉलेजांतल्या कार्यशाळांच्या जोडीने.

उलानबातरचा मुलगा

पहिल्या सर्किट्सच्या वर्गात ३४० जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्यातला एक मंगोलियातल्या उलानबातरचा पंधरा वर्षांचा मुलगा. कुठे मंगोलिया, कुठे एमआयटी! वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं, पुढे एमआयटीने त्याला प्रवेशही दिला. फुकट ऑनलाइन शिक्षणाचा पुरावा म्हणून अजून त्याचंच उदाहरण दिलं जातं.

या गोष्टीचा मागचा भाग कमी सांगितला जातो. त्याच्या शाळेचा प्राचार्य स्वतः एमआयटीत शिकलेला, तिथून पदवी घेणारा पहिला मंगोलियन. त्यानेच शाळेतल्या वीसेक मुलांना या वर्गाला बसवलं. स्टॅनफर्डचा एक संशोधक विद्यार्थी प्रयोगाचं साहित्य घेऊन उलानबातरला आला आणि मुलांकडून हातांनी सर्किटं जोडून घेतली. मुलगा हुशार होता यात शंका नाही. पण दीड लाखांच्या वर्गात तो एकटा नव्हता. त्याच्याजवळ दोन माणसं बसलेली होती.

ही माणसं वगळून काम भागतं का, याचीही तपासणी झाली आहे, आणि तीही अवाढव्य. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या जवळजवळ अडीचशे अभ्यासक्रमांत, अडीच वर्षं, अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर छोट्या-छोट्या मानसशास्त्रीय युक्त्या वापरून पाहिल्या. वेळापत्रक लिहून काढायला लावा, ध्येय आठवून द्या, कुणाला तरी शब्द द्यायला सांगा. आधीच्या लहान प्रयोगांत या युक्त्यांनी आशा दाखवली होती. २०२०मध्ये निष्कर्ष आला: एवढ्या मोठ्या प्रमाणावर परिणाम अगदीच किरकोळ. माणसाला कामाला लावणारी पडद्यावरची चार वाक्यं अजून कुणाला सापडलेली नाहीत.

उलट जिथे माणसं ठेवली तिथे आकडे बदलले. जॉर्जिया टेकने २०१४मध्ये सात हजार डॉलरपेक्षा कमी फीत संगणकशास्त्राची पूर्ण ऑनलाइन एमएस पदवी सुरू केली. फुकट नाही, पण अमेरिकेच्या मानाने स्वस्तच. आज तिथे दहा हजारांहून जास्त जण शिकतात. त्यातल्या सुमारे तीनशे विद्यार्थ्यांच्या एका वर्गात एका सत्रात दहा हजारांवर प्रश्न-संदेश येत. म्हणजे माणशी तेहेतीस प्रश्न. २०१६मध्ये प्राध्यापक अशोक गोयल यांनी नेहमीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला एक एआय मदतनीस बसवला. बहुतेक विद्यार्थ्यांना तो यंत्र आहे हे सत्र संपेपर्यंत कळलं नाही. तरी बाकीचे मदतनीस हाडामासाचेच ठेवावे लागले, कारण नेहमीचे नसलेले प्रश्नच खरे अवघड असतात.

आता शेवटचा हिशेब. समजा प्रत्येक पन्नास विद्यार्थ्यांमागे एक माणूस द्यायचा ठरवलं, ज्याने नुसतं एवढंच करायचं, की कोण मागे पडलं ते पाहायचं, त्याला विचारायचं, अडलं तर सोडवून द्यायचं. एमआयटीच्या त्या पहिल्या वर्गाला असे ३,०९५ जण लागले असते. २०२१च्या २२ कोटींना लागतील ४४ लाख. अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२मध्ये देशातल्या सगळ्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत मिळून शिक्षक होते १५ लाख ९८ हजार. म्हणजे हे ४४ लाख त्यांच्या पावणेतीन पट. जगातलं उत्तम व्याख्यान आज खरोखर फुकट मिळतं, आणि ही गोष्ट लहान नाही. पण मोफत शिक्षणाची पुढची योजना जाहीर होईल तेव्हा अभ्यासक्रम किती आणि नोंदणी किती कोटी, हे विचारून थांबू नये. तिच्या अंदाजपत्रकात या माणसांचा पगार कुठल्या ओळीत आहे, तेही विचारावं.